अष्टमीची मदतनीस

देवास,
भाद्रपद वद्य दशमी

प्रिय अलका,

पाकीट हातात पडल्यावर तू आधी हसशील. दोन गल्ल्या सोडून राहणारी बाई टपालानं पत्र धाडते म्हणजे हिचं डोकं फिरलं, असं अशोकरावांना म्हणशीलही. पण समोर बसून हे मला बोलता येणार नाही. तू नेहमीसारखा माझा हात हातात घेशील, "काय गं इरा, किती वाळलीस," म्हणशील, तुझी सून मोना चहा आणेल, आणि मी गुडघ्याबद्दल काहीतरी बोलून घरी परत येईन. वर्षभर हेच होत आलं. मागच्या नवरात्रातल्या अष्टमीपासून एक गोष्ट माझ्या पोटात आहे आणि ती मी तुला सोडून कुणाला सांगावी हेच मला कळत नाही, कारण आजवर असलं सगळं मी तुलाच सांगत आले. कॉन्व्हेंटमध्ये दर रविवारी आम्हाला घरी पत्र लिहायला बसवायचे. तोंडातून जे निघत नाही ते कागदावर ओळीत मांडायची सवय तिथली. म्हणून हा कागद.

घरचं ठीक आहे. अवंतीचे पुढचे दोन दात पडलेत आणि बोलताना तिची शिट्टी वाजते. सातवं लागलं. श्रीपादची पाळी परत रात्रीची झाली, त्यामुळे बाप दिवसा झोपलेला आणि लेक त्याच्या उशाशी कुजबुजत खेळणारी. उर्वशी अजून बागलीलाच आहे. सूनबाई जनावरांची डॉक्टर असल्यावर काय, गाई-म्हशींना रविवार कळत नाही. कधी शनिवारी येते, कधी नुसता फोन येतो. पोर माझ्याजवळ असते आणि तिचे प्रश्नही माझ्याचजवळ असतात. गुडघा चांगला आहे. संध्याकाळी तुझ्याबरोबर माताजींच्या टेकडीवर यायचं मी बंद केलं ते गुडघ्यामुळे नव्हे, एवढं तुला आता कळलं असेल.

आपली पहिली भेट आठवते तुला? तू नाशिकहून नवी नवी आली होतीस, अशोकराव कारखान्यात लागले होते, आणि हळदीकुंकवाला मी तुला म्हटलं, "या ना, मुदपाकखान्यातच बसू." तू तोंडावर पदर धरून हसलीस. स्वयंपाकघराला मुदपाकखाना म्हणणारी जिवंत बाई तू पहिल्यांदा पाहत होतीस. मग तू नाव ठेवलंस, आम्ही संस्थानी आणि तुम्ही कारखानी. मी तुला गाव दाखवायला नेलं तेव्हा सांगितलं की इथे दोन राजे होते, रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती आणि पलीकडे धाकटी, आणि माझ्या सासूबाई अजून पलीकडच्यांना नुसतं "तिकडचे" म्हणतात. तू रस्त्याच्या मधोमध उभी राहिलीस, एक पाय इकडे, एक तिकडे, आणि म्हणालीस, "झालं, संपलं तुमचं राज्य." टांगेवाला ओरडला, "बाजू में हो जाओ भेनजी!" मी त्या दिवशीच तुझी झाले. धारहून लग्न होऊन आल्यापासून इतकं मोकळं हसले नव्हते मी.

आणि मग चिमणबाग. कारखान्यांच्या वसाहतीमागच्या त्या दोन खोल्या, पत्र्याची शेड, आणि निम्म्या हिंदुस्थानातून आलेली पोरं. मी इंग्रजी गाणी शिकवायची, बाकी सगळं तू. लोक म्हणायचे दोघी बाईंची बालवाडी, पण ती तुझी होती. मला मुलं आवडायची. तुला मुलं कळायची. चिंटूचा दिवस मी विसरणं शक्य नाही. त्याचे वडील केरळातून आलेले, पोरगा काळाभोर, डोळे नेहमी हसणारे. गोल करून फेर धरायचा होता आणि शेजारच्या मुलीनं हात पाठीमागे घेतले. "टीचर, इसका रंग लग जाएगा." चार वर्षांची ती. मला तिचा इतका राग आला की मी तिला उचलून बाहेर बसवलं असतं. तू डोळ्यांनी मला थांबवलंस. कुणाला काही न म्हणता फेर मोडलास, आगगाडी केलीस आणि स्वतः चिंटूच्या पाठीमागचा डबा झालीस.

त्या संध्याकाळी टेकडीच्या पायऱ्यांवर बसून मी तुला माझ्या शाळेतलं नाटक सांगितलं. यांनाही मी ते कधी सांगितलं नव्हतं. नाताळात दरवर्षी नाटक असायचं. गोऱ्या मुली देवदूत व्हायच्या. मी सावळी, तीही अशी की आमच्या धारच्या घरी पाहुणे माझ्याकडे बघून आईला विचारायचे, ही कुणावर गेली. सिस्टरनं माझा गाल धरला आणि म्हणाली, तुला मी सगळ्यांत महत्त्वाचं काम देणार आहे, पडदा ओढायचं, तुझ्याशिवाय नाटक सुरूच होणार नाही. मी किती खूश झाले होते! घरी पत्रात लिहिलं, वडिलांनी वकिली शाबासकीचं उत्तरही पाठवलं. तीन नाताळ मी पडदा ओढला. चौथ्याला दोरी हातात धरून उभी असताना, कुणीही काही न सांगता, मला एकदम कळलं. दोरी तशीच ओढली, पण कळलं. हे ऐकून तू रडलीस, अलका. डोळे पुसत म्हणालीस, "गोडीनं बाजूला करतात ना, ते सगळ्यांत वाईट. तोंडावर नाही म्हणणाऱ्याशी माणूस भांडू तरी शकतो." तुझं हे वाक्य मला जसंच्या तसं पाठ आहे, कारण माझ्यासाठी कुणी रडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू येताना रंगांच्या बाटल्या घेऊन आलीस. आधी सगळ्यांच्या खडूंच्या डब्यांतून तो फिकट गुलाबी खडू काढून घेतलास, ज्याला पोरं "स्किन कलर" म्हणायची. मग प्रत्येकाला एक बशी आणि पिवळा, लाल, काळा, पांढरा असे चार थेंब. आपापल्या मनगटाजवळ बशी धरायची आणि आपला रंग बनवायचा. अर्धा तास शेडमध्ये आवाज नव्हता. गोऱ्यातल्या गोऱ्या मुलीला काळ्याशिवाय जमेना आणि चिंटूला पांढऱ्याशिवाय. मग तू म्हणालीस, आता नाव ठेवा. चिंटूनं आपल्या रंगाला "इंजिन ऑइल" नाव दिलं आणि छाती फुगवली, बाप कारखान्यात होता ना. एकीनं "पोहे" ठेवलं. हात मागे घेणाऱ्या त्याच पोरीनं "रतलामी सेव" ठेवलं आणि मग सगळी पोरं तिचा हात खायला धावली. तू एक शब्द उपदेशाचा बोलली नाहीस. दरवर्षी मग तो रंगांचा तास व्हायला लागला, पुढे दुसऱ्या शाळांतल्या बायका बघायला यायच्या. तू त्यांना सांगायचीस, मुलांना समानता शिकवायची नसते, आपण त्यांच्यासमोर कसे वागतो ते ती बघतात, तेवढंच शिकतात. मी मागे बसून ऐकायची आणि मला वाटायचं, माझं ते नाटक फुकट गेलं नाही.

श्रीपादनं उर्वशीचं नाव घेतलं तेव्हाही तूच उभी राहिलीस. सरदारपूरकडची मुलगी, भिलाची, शिकून डॉक्टर झालेली. बदनावरहून यांचे खंडोजी काका मुद्दाम आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आपल्यात मुली संपल्या का?" तू पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवत म्हणालीस, "मुली नाही संपल्या काकासाहेब, शहाणपण संपत आलंय, म्हणून बाहेरून आणतोय." पुढे हे गेल्यावर काका भेटायला यायचे तेव्हा त्यांनाच आठवण यायची तुझ्या त्या उत्तराची, हसायचे. लग्नात उर्वशीला हळद तू लावलीस. तिच्या आईची भाषा मला नीट कळेना, तर तू दोन दिवस तिच्याशेजारी बसून होतीस. अवंती झाली तेव्हा दवाखान्यात तिला पहिल्यांदा कपड्यात गुंडाळून घेतलंस तेही तूच, आणि म्हणालीस, "इरा, माळव्याची काळी माती आहे गं ही. जे पेरशील ते येईल." मी हे वाक्य किती जणांना सांगितलं असेन.

आता मागची अष्टमी. तुझ्याकडे कुमारिका जेवायला असतात हे मला काही नवीन नाही. नऊ मुली पाटावर, दुधापाण्यानं पाय धुणं, पावलांवर कुंकवाचं स्वस्तिक, गजरा, खीरपुरी. तू आदल्या दिवशी निरोप धाडलास, अवंतीला लवकर पाठव. मी तिला हिरवं परकर-पोलकं शिवून घेतलं होतं. सकाळी दगडानं तिच्या टाचा घासल्या, तर म्हणते, "आजी, अलकाआजी धोणारच आहे ना, मग तू का धोतेस?" मी म्हटलं, देवीचे पाय मळके कसे पाठवू? तिला ते फार आवडलं. जाताना रस्त्यात चिखल चुकवत, परकर वर धरून चालली होती.

दुपारी अशोकरावांनी स्कूटरवरून सोडलं. उड्या मारत आली. "आजी, आज मी अलकाआजीची मदतनीस होते! मीच सगळ्यांना टॉवेल दिला, सबके पैर पोंछने के लिए. मीच पाट मांडले. अलकाआजी बोली, तेरे बिना तो मेरा कुछ होता ही नहीं." हातात गजरा होता, डबा होता, पाकीट होतं, सगळं होतं. मी तिच्या पावलांकडे बघितलं. मी सकाळी घासली तशीच होती, कोरडी. मी विचारलं, आणि तुझे पाय कुणी धुतले? ती हसायला लागली, मलाच काही कळत नाही अशी. "मेरे थोड़ी न धोते, आजी! मी तर काम करत होते ना." जेवली कुठे, तर नंतर, मोनाकाकूबरोबर ओट्याजवळ. दुसऱ्या दिवशी शाळेच्या गाडीत चढणाऱ्या आमच्या गल्लीतल्या मुलींची पावलं अजून लालसर होती.

मी तुझी वकिली केली, अलका. जगदेवराव वकिलांची मुलगी आहे, ती मला येते. मला वाटलं, नऊच्या नऊ आधीच सांगून झाल्या असतील, दहावीला बसवायचं नसेल. मग वाटलं, नाशिकहून तुझ्या नणंदा आल्या असतील, त्यांच्यापैकी कुणी कुळाचार काढला असेल, बिचारी अलका काय करणार. घरोघरी असं होतं. आठवडाभर मी अशी तुझी बाजू मांडत राहिले, आणि मग भाजी बाजारात मोना भेटली. तिच्या मनात काही नव्हतं, म्हणूनच ती बोलली. "काकू, उस दिन अवंती कित्ती प्यारी लग री थी! बरं झालं ती होती. एक मुलगी आलीच नाही ना, ताप आला तिला. ऐन वेळी मी समोरच्या फ्लॅटमधली गोरीगोरी पोर उचलून आणली. नाव पण माहीत नव्हतं, नवे किरायेदार आहेत ते." मी विचारलं, का गं, पाहुणे फार होते का? तर म्हणाली, "कुठचे पाहुणे काकू, आम्ही घरचेच. मैंने तो मम्मी से बोला था, अवंती है ना, उसी को बिठा दो. मम्मी म्हणाल्या, राहू दे, तिला आज दुसरं काम दिलंय." आणि मोना कोथिंबिरीच्या जुडीचा भाव करायला लागली.

घरी येऊन मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि तशीच उभी राहिले. म्हणजे पाट रिकामा होता. मुलगी समोर होती, टॉवेल हातात धरून. तिचा बाप माहीत, आई माहीत, तिचं बारसं तू केलेलं. आणि जिचं नावही ठाऊक नाही अशी एक गोरी पोर जिना उतरून आली आणि तिचे पाय तू धुतलेस, आणि ते पुसायला टॉवेल अवंतीनं पुढे केला. कुणी तुला अडवलं नव्हतं. सासू नाही, नणंद नाही, गुरुजी नाही. हे तुझं तू ठरवलंस. आणि केवढ्या कसबानं! पोरीला कळलंसुद्धा नाही. उलट ती आनंदात घरी आली. तीस वर्षं मुलं हाताळलेला तुझा हात होता तो, आपण दोघींनी मिळून कमावलेला. खंडोजी काका निदान खुर्चीत बसून तोंडावर बोलले. त्यांच्याशी तू भांडलीस. तुझ्याशी मी काय भांडू? तुला ती पडद्याची दोरी माहीत असताना, तू माझ्यासाठी रडलेली असताना, तीच दोरी माझ्या नातीच्या हातात दिलीस. सिस्टरला निदान माझ्या मनातलं ठाऊक नव्हतं.

तुला वाटत असेल, इरा उगाच रंगाचं काढते, हा देवीचा विषय आहे, कुळाचा आहे. मी त्यावरही विचार केला. धारला लहानपणी मीही कुमारिका म्हणून जायची. देवीसागर तळ्याच्या काठच्या घरांतून बोलावणी यायची. गढकालिकेच्या देवळात जाऊन आलेल्या बायका माझी सावळी पावलं तबकात घेऊन धुवायच्या आणि त्यावर कुंकू उठून दिसतं म्हणून कौतुक करायच्या. शाळेत जो रंग चालला नाही तो तिथे चालला, कारण पायांच्या वर जगदेवरावांचं नाव होतं. अवंतीच्या पायांवर कुणाचं नाव आहे? तिच्या आजोबांचं आहेच की, यांचं. पण दिसायला ती तिच्या आईवर गेली आहे, सरदारपूरच्या रानातली दिसते, आणि ते तुला पाटावर दिसलं. ओट्याजवळ दिसलं असतं तर चाललं असतं. लग्नात हळद लावताना चाललं, दवाखान्यात कुशीत घेताना चाललं, मग देवीसमोरच काय झालं? मला खरंच कळत नाही, अलका. हा टोमणा नाही. मी वर्षभर हेच विचारते आहे.

उर्वशीला मी सांगणार नव्हते. पण ती शनिवारी आली, लेकीनं सगळी हकिगत हातवारे करून सांगितली, आणि उर्वशीनं फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. रात्रीची भांडी आवरताना मी रडायला लागले तर तिनंच माझ्या पाठीवर हात ठेवला. "आई, आप मत रोइए. मैं तो सुनते ही समझ गई थी. हमारे यहाँ ये समझाना नहीं पड़ता." मी म्हटलं, अवंतीला काही सांगू नको, ती लहान आहे. ती म्हणाली, "मेरी माँ ने मुझे छह साल में बता दिया था. बोली थी, जहाँ पानी ऊपर से डालकर पिलाएँ, वहाँ प्यास मत लगने देना." आणि पुढची थाळी पुसायला घेतली. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. तुझ्याबद्दल तिला आश्चर्यच वाटलं नाही. तुझं आश्चर्य वाटणारी या घरात मी एकटीच निघाले.

मला वाटलं होतं, पोर विसरेल. उन्हाळ्यात एकदा दुपारी ती व्हरांड्यात खेळत होती. अस्वल, बदक, दोन सोनेरी केसांच्या बाहुल्या, एक चेंडूसुद्धा, सगळे ओळीनं उशांवर बसवलेले. वाटीत पाणी. प्रत्येकाचे पाय धुऊन झाले, चेंडूला पाय नाहीत म्हणून त्याचं तोंड धुतलं. आणि ओळीच्या बाहेर, भिंतीला टेकून, ती काळ्या कापडाची बाहुली उभी होती, उर्वशीच्या आईनं स्वतः शिवलेली, जिला कुशीत घेतल्याशिवाय अवंती झोपत नाही. तिच्या हातावर माझा रुमाल घडी करून ठेवलेला. मी खाली बसले, म्हटलं, हिलाही बसवू या ना, हिचे पाय मी धुते. तिनं माझा हात धरला, अगदी हळू, अगदी तुझ्यासारखा, आणि मला समजावून सांगितलं, "नहीं आजी, ही तर मदतनीस आहे. इसके बिना तो कुछ होता ही नहीं." बाहुलीवरचं प्रेम तसूभर कमी झालेलं नव्हतं. तिच्या दृष्टीनं तिनं तिला मोठाच मान दिला होता. मुलं बघतात तेवढंच शिकतात, हे तू म्हणायचीस. अलका, एका सकाळीत शिकली गं ती.

त्या दुपारी मी तुझ्याकडे यायला निघाले होते. चपला घातल्या. कोपऱ्यापर्यंत आले आणि तू गच्चीत कुरडया वाळत घालताना दिसलीस, मला बघून हात केलास, ओरडून म्हणालीस, "ये गं, गुडघा बरा झाला वाटतं!" आणि मला तू इतकी आवडलीस, इतकी पूर्वीसारखी दिसलीस, की मी परत फिरले. तुझा नुसता राग आला असता तर सोपं होतं. मला तुझी आठवण येते आणि तू तर समोर राहतेस. हे गेले तेव्हाही मी इतकी एकटी नव्हते, कारण तेव्हा रात्री उशाशी तू होतीस.

आणि आता हे पत्र का, ते सांगते. परवा तुझा मेसेज आला: "अष्टमीला अवंतीला सकाळीच पाठव. माझ्या मदतनिशीशिवाय माझं कसं होणार!" फोन अवंतीच्या हातात होता. हिंदीमुळे तिला अक्षरं येतात, तिनं एकेक अक्षर जुळवून मोठ्यानं वाचलं आणि मला विचारलं, "आजी, मदतनीस छोटी मुलगी असते ना? आता मी मोठी झाले. तो इस साल मेरे पैर धोएंगे?" वर्षभर ती आपली पाळी येण्याची वाट बघत होती, अलका, आणि मला माहीत नव्हतं. उर्वशी घटस्थापनेला येते आहे. ती म्हणते, मी सांगते तिला, आणि तिची आई जे बोलली होती तेच ती सांगेल. ते एकदा ऐकल्यावर माझी अवंती कुणाच्याही दारात परकर वर धरून, उड्या मारत जाणार नाही. चिमणबागेत कुणाचा बाप अपघातात गेला, कुणाची आई घर सोडून गेली, तर पालक तुझ्याकडे यायचे, "टीचर, बच्चे को क्या बोलूँ?" आणि तू एकच वाक्य द्यायचीस, लहान, खरं, पोराला झेपेल असं. तसं एक वाक्य मला हवं आहे. मागच्या वर्षी अलकाआजीनं तुझे पाय का धुतले नाहीत, याचं. मी खूप प्रयत्न केला, मला जमत नाही. जी जमतात ती खरी नाहीत, आणि जे खरं आहे ते सहा वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं नाही. तू ते कर. लिहून पाठव, नाहीतर स्वतः ये, ती चारला शाळेतून येते. अष्टमीला ती तुझ्याकडे येणार नाही, त्याबद्दल हे पत्र नाही. तिला मी एवढंच सांगितलं आहे की अलकाआजीला विचारते. काल दोनदा आणि आज सकाळी गाडीत चढताना एकदा तिनं विचारलं, "अलकाआजी ने क्या बोला?"

अजून तरी तुझीच,
इरा